थोड्या दिवसांचं वेड

मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला थांबते आणि नाशिकरोडच्या अलीकडे देवळाली लागतं. आज देवळाली म्हटलं की तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आठवतं, पारशी-गुजराती मंडळींनी बांधलेली आरोग्यधामं आठवतात आणि छातीच्या दुखणेकऱ्यांना मानवणारी कोरडी हवा आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज शिपायांच्या तोंडी हे गाव वेगळ्याच कारणासाठी होतं. एखादा सोबती चमत्कारिक वागायला लागला, एकटाच बडबडू लागला, की त्याला ‘डूलॅली टॅप’ झाला असं म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप.

१८६१ च्या सुमारास इथं लष्करी छावणी उभी राहिली. १८६५ साली कसाऱ्याच्या, म्हणजेच थळ घाटातून रेल्वे वर आली आणि देवळाली हा इंग्रज फौजेच्या येण्याजाण्याचा नाका झाला. हिंदुस्थानातली नोकरी संपवून घरी निघालेला शिपाई देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून इथं येई आणि मुंबईच्या बंदरात जहाज लागेपर्यंत इथंच राही. ‘सेरापिस’, ‘मलबार’, ‘क्रोकोडाइल’, ‘युफ्रेटिस’, ‘जमना’ ही सैनिकी जहाजं हिवाळ्यातच ये-जा करत. हंगाम संपता संपता जो पोचला, त्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबणं आलं. चैत्र-वैशाखाचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा याच छावणीत काढायचा. पलटणीतलं काम सुटलेलं, ओळखीचे अधिकारी मागे राहिलेले, हातात साठवलेला पगार आणि दिवसभर करायला काही नाही. दारू, गुप्तरोग, हिवताप यांची सोबत होतीच. फ्रँक रिचर्ड्स या शिपायानं १९३६ साली आपल्या हिंदुस्थानातल्या नोकरीच्या आठवणी छापल्या. त्यांत त्यानं या वेडाचं मूळ छावणीतल्या कंटाळ्यात शोधलं आहे.

लष्करी डॉक्टरांपुढचा प्रश्न अवघड होता. कालपर्यंत धड असलेला पंचविशीतला माणूस आज किंचाळतो आहे, त्याला कोणाचे तरी आवाज ऐकू येतात, बराकीतले सगळे आपल्या जिवावर उठलेत असं त्याला वाटतं. हे हिवतापातलं भ्रमिष्टपण, की दारू एकदम तुटल्यावरचं? ऊन लागलं, की उपदंश मेंदूपर्यंत पोचला? की हा खराच वेडा झाला आणि आता जन्मभर तसाच राहणार? रक्ताची तपासणी नव्हती, मेंदूचं चित्र काढण्याची सोय नव्हती. नोंदवहीत ‘मेनिया’ किंवा ‘मेलँकोलिया’ असं काही तरी लिहायचं, कारणाच्या रकान्यात ऊन किंवा दारू टाकायची आणि रोगी बोटीवर चढवायचा. १८७० नंतर अशा सैनिकांसाठी इंग्लंडात नेटलीच्या लष्करी इस्पितळात ‘डी ब्लॉक’ नावाचा स्वतंत्र विभाग होता.

इथं लिहिलेल्या निदानाचं पुढे काय झालं, हे लिहिणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. माणूस समुद्रात महिनाभरात शुद्धीवर आला, की दहा वर्षं कुठल्या तरी वॉर्डात खितपत पडला, याची बातमी देवळालीला परत येत नसे. अचानक उसळणाऱ्या या आजाराला तर शेवट ठाऊक असल्याशिवाय नावच देता येत नाही. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत याविषयी जे काही खरं ज्ञान हाती आलं, ते कोणी तरी पुन्हा त्या माणसाच्या दारात जाऊन ‘आता कसं आहे?’ असं विचारलं म्हणून.

अशी चौकशी या देशात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाली ती १८९३-९४ मध्ये, आणि तीही गांजाच्या निमित्तानं.

१८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीवाल्या सभासदानं प्रश्न विचारला. हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत असा बोभाटा आधीपासून होता; गांजाचे परिणाम तपासायला सरकार कमिशन नेमेल का, आणि बंदी घालणं इष्ट आहे का? सरकारनं सात जणांचं कमिशन नेमलं. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी हे मुंबई इलाख्याचे, आणि सातांत तीन हिंदी सभासद होते. कमिशननं देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. आपल्या इलाख्यात गांजाचं पीक मुख्यतः नाशिकला लागून असलेल्या अहमदनगर जिल्ह्यात निघे, आणि त्र्यंबकच्या वाटेवरच्या बैरागी-गोसाव्यांची चिलीम नाशिककरांना काही परकी नव्हती. म्हणजे हा प्रश्न आपल्या उंबऱ्यावरचाच होता.

कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधलं हैदराबाद इथल्या वेड्यांच्या इस्पितळांतून दरवर्षी सरकारला तक्ते जात, आणि त्यांत वेडाच्या कारणापुढे गांजा, भांग, चरस हे शब्द असत. हे तक्ते सगळ्यांनी पुरावा म्हणून वापरले होते. कमिशननं प्रथमच विचारलं की हा शब्द त्या रकान्यात लिहिला कोणी? उत्तर धक्कादायक होतं. रोग्यासोबत मॅजिस्ट्रेटकडून एक वर्णनपत्र येई. त्यात वेडाचं संभाव्य कारण हा रकाना असे आणि तो बऱ्याचदा पोलिसांच्या माहितीवर भरलेला असे. रस्त्यात सापडलेला अनोळखी माणूस, नातेवाईक नाहीत, कारण तर लिहायलाच हवं. मग गांजा लिहून मोकळं व्हायचं. तोच शब्द इस्पितळाच्या वहीत उतरे आणि तिथून सरकारी तक्त्यात जाई. शेवटी तो वैद्यकीय सत्य म्हणून संसदेत पोचे.

दुसरी अडचण अधिक खोल होती. गांजानं आलेलं वेड लवकर उतरतं, अशी अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांची धारणा होती. त्यामुळं आठ-पंधरा दिवसांत जो माणूस शुद्धीवर आला, त्याचं वेड गांजाचंच असणार असा उलटा हिशेब होई. बरं होणं हाच कारणाचा पुरावा ठरे. गांजाला कधी हात न लावताही माणूस असा अचानक बिघडू शकतो आणि पूर्ण सावरू शकतो, ही शक्यता या पद्धतीत मावतच नव्हती.

कमिशननं मग १८९२ या एका वर्षातले सगळे रोगी निवडले. त्या वर्षी इस्पितळांत १३४४ माणसं दाखल झाली होती आणि त्यांतल्या २२२ जणांचं वेड गांजा-भांगेला चिकटवलेलं होतं. या प्रत्येकाची त्याच्या गावात नव्यानं चौकशी झाली. घरच्यांना, शेजाऱ्यांना विचारलं. आधी असं कधी झालं होतं का, घराण्यात कोणाला आहे का, गांजा खरंच ओढत होता का, की वेड लागल्यावर ओढू लागला? चौकशीअंती २२२ पैकी ९८ उरले. त्यांतही निव्वळ गांजाकडे बोट दाखवता येईल असे ६१, आणि ३७ जणांत इतर कारणंही मिसळलेली. निम्म्याहून अधिक निदानं एका फेरीत गळून पडली. १८९४ चा हा अहवाल गांजाच्या वादात आजही उद्धृत होतो. मला मात्र त्याचं मोल दुसऱ्या कारणासाठी वाटतं. हिंदुस्थानात मानसिक आजाराच्या निदानांची अशी फेरतपासणी त्याआधी एवढ्या चिकाटीनं झालेली मला दिसत नाही.

योगायोग असा की त्याच १८९३ साली जर्मनीत हायडेलबर्गला एमिल क्रेपेलिन आपल्या मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकाची चौथी आवृत्ती काढत होता. रोग्यामागे एक कार्ड ठेवायचं, वर्षानुवर्षं त्यावर भर घालायची, आणि आजाराचं नाव त्याच्या शेवटावरून ठरवायचं अशी त्याची रीत. १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत त्यानं मोठी वाटणी केली. एकीकडे माणसाला हळूहळू पोखरणारा आजार, ज्याला पुढे स्किझोफ्रेनिया म्हणू लागले. दुसरीकडे उन्माद आणि उदासी यांच्या फेऱ्यांत येणारा आणि मधल्या काळात माणसाला धड ठेवणारा आजार, म्हणजे आजचा बायपोलर. जगभर ही वाटणी चालली. पण जे दोन दिवसांत बिघडले, महिन्या-दोन महिन्यांत पूर्ण बरे झाले आणि पुन्हा कधी बिघडलेच नाहीत, त्यांना दोन्हींत जागा नव्हती. फ्रान्समध्ये मान्यां आणि त्याच्या शिष्यांनी या आजाराला निरभ्र आकाशातून कोसळणाऱ्या विजेची उपमा दिली. डेन्मार्कमध्ये विमर यानं १९१६ मध्ये आघातानंतरच्या वेडावर ग्रंथ लिहिला. प्रत्येक देशानं आपापलं नाव ठेवलं, आणि मोठ्या वर्गीकरणांनी ते तळटीपेत ढकललं.

तळटीप वर आली ती आपल्या देशातून. १९६३ साली चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी मानसोपचार विभाग उभारला. परदेशात छापलेली वर्गीकरणं घेऊन बाह्यरुग्ण विभागात बसलं की रोज अडायला होई. खेड्यातून खाटेवर बांधून आणलेली तरुण मुलगी, चार दिवसांपूर्वीपर्यंत शेतात काम करणारी. ताप येऊन गेला किंवा घरात भांडण झालं, आणि मग हसणं, रडणं, भीती, अंगात आल्यासारखं बोलणं, सगळं मिनिटामिनिटाला बदलणारं. पुस्तकाप्रमाणे स्किझोफ्रेनिया लिहायला हात धजत नसे, कारण दीड महिन्यानं तीच मुलगी स्वतः चालत दाखवायला येई. १९६७ साली विग आणि गुरमीत सिंग यांनी भारतासाठी वेगळं वर्गीकरण सुचवलं, आणि त्यात अशा तीव्र, अनिश्चित कारणाच्या मनोविकाराला स्वतःची जागा दिली.

त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. १२०२ रुग्ण त्यात होते आणि आपल्याकडचं केंद्र आग्रा होतं. दोन वर्षांनी परत तपासलं तेव्हा आग्र्याचे आणि नायजेरियातल्या इबादानचे रुग्ण युरोपातल्या रुग्णांपेक्षा चांगल्या स्थितीत निघाले. पाश्चात्त्य तज्ज्ञ चक्रावले. १९७८ पासून दहा देशांत आणखी मोठा अभ्यास झाला, त्यात चंदीगडचं शहर आणि भोवतालची खेडी दोन्ही होती. ती माहिती एझ्रा सस्सर आणि जोसेफ वाँडरलिंग यांनी पुन्हा चाळली आणि १९९४ मध्ये निष्कर्ष मांडला. अचानक सुरू होऊन पूर्ण बरं होणारं हे दुखणं विकसनशील देशांत श्रीमंत देशांच्या जवळपास दहापट आढळतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांत दुप्पट.

मराठी मुलखाच्या अंगणात हे काम गोव्यात झालं. १९८० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तीव्र मनोविकाराच्या अभ्यासासाठी चार केंद्रं घेतली. बिकानेर, पतियाळा, वेल्लूर आणि गोवा. पणजीच्या आल्तिन्हो टेकडीवरचं मानसोपचार रुग्णालय आबे फारियाच्या नावानं ओळखलं जाई. कांदोळीत जन्मून पॅरिसात संमोहन शिकवणाऱ्या त्या गोमंतकीय पाद्र्याचं नाव या इमारतीला असावं हे किती योग्य! चारही केंद्रांत रुग्णांचा वर्षभर माग ठेवला, आणि वर्षअखेर सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण पूर्ण बरे होते, पुन्हा आजारी न पडलेले. ज्या आजाराचं नाव ऐकून घरची माणसं मुलीचा संसार संपला असं धरून चालत, त्याचा हा हिशेब होता.

चंदीगडच्या मंडळींनी तर बारा वर्षांनी पुन्हा दार ठोठावलं. गट छोटा होता, पण निकाल बोलका. थोड्या दिवसांचा मनोविकार झालेल्यांत बारा वर्षांनंतर आजाराची खूण उरलेले फक्त ६ टक्के निघाले. तुलनेला घेतलेल्या इतर मनोरुग्णांत हे प्रमाण ५० टक्के होतं. याच माहितीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. आजार उसळण्याआधीच्या काही आठवड्यांत ताप येऊन गेलेले रुग्ण या गटात जास्त होते. तापामागे कोणता जंतू, शरीराची कोणती प्रतिक्रिया, हे उलगडलेलं नाही. पण देवळालीच्या शिपायांनी ज्या गोष्टीला नुसताच ताप म्हटलं, तिच्यात निरीक्षणाचा काही अंश असू शकेल असं मला हे वाचून वाटलं.

१९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती छापून आली आणि तीव्र व क्षणिक मनोविकारांना त्यात स्वतंत्र कप्पा मिळाला. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आयुष्यभराच्या आग्रहाचं ते फळ होतं. कप्प्याला मुदत घातली. स्किझोफ्रेनियाची लक्षणं दिसत असतील तर एक महिना, नसतील तर तीन महिने. त्यापुढे आजार रेंगाळला की नाव बदलायचं. इथंच नवा घोळ सुरू झाला, कारण चंदीगडच्या रुग्णांत हे दुखणं बहुधा दोन ते चार महिने टिकत होतं. पूर्ण बरी होणारी बाई केवळ पाच आठवडे आजारी राहिली म्हणून स्किझोफ्रेनियाच्या रकान्यात जाणार. कॅलेंडरवरची रेघ कुठं ओढली, यावर निदान टिकलं की मोडलं हे ठरू लागलं.

पुढची सगळी संशोधनं या टिकाऊपणाभोवती फिरली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदणीतले असे ५०३ रुग्ण तपासले तेव्हा काही वर्षांनी ३९ टक्क्यांचंच निदान तेच राहिलं होतं. पुद्दुचेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेत ४५ रुग्णांचा तीन वर्षं पाठपुरावा झाला. त्यांनी यातला एकच प्रकार निवडला, ज्यात लक्षणं सतत पालटत राहतात. तिथं जवळजवळ तीन-चतुर्थांश निदानं टिकली, आणि बदललेली बहुतेक बायपोलरकडे गेली. २०१६ साली फुसार-पोली आणि सहकाऱ्यांनी ४२ अभ्यास, चौदा हजारांवर रुग्ण एकत्र मांडले. स्किझोफ्रेनियाचं निदान ९० टक्के टिकतं, थोड्या दिवसांच्या मनोविकाराचं ५६ टक्के.

हे आकडे वाचून काही जण म्हणतात, हे निदानच कच्चं, काढून टाका. मला ते पटत नाही. स्किझोफ्रेनियाचा शिक्का टिकतो याचं एक कारण असंही असू शकतं की एकदा मारला की तो कोणी काढत नाही. बरा झालेला माणूस गोळ्यांनी बरा दिसतो असं धरलं जातं. उलट क्षणिक मनोविकाराचं निदान दर वेळी नव्यानं तपासावं लागतं, आणि बदलण्याची वाट त्याला खुली असते. दुसरं म्हणजे बरे झालेले परत येत नाहीत. दिंडोरीची किंवा सुरगाण्याची बाई तीन महिन्यांत नीट झाली की शंभर रुपये भाडं मोडून केसपेपर काढायला कशाला येईल? येतात ते पुन्हा बिघडलेले. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षं हेच राहतात आणि सगळ्यांचं असंच होतं असा ग्रह बनतो. दरम्यान बरं होण्याचं श्रेय कधी देवऋषाच्या अंगाऱ्याला जातं, कधी सप्तशृंगीच्या गडावर फेडलेल्या नवसाला, कधी डॉक्टरच्या इंजेक्शनला. जो त्या महिन्यात जवळ असेल त्याला.

२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनं कप्पा आणखी अरुंद केला. आता त्यात फक्त सतत पालटणाऱ्या लक्षणांचा प्रकार राहिला, मुदत जास्तीत जास्त तीन महिने. निदान टिकण्याचं प्रमाण यानं वाढेल. पण बाहेर काढलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. कारण शब्द कागदावर राहत नाही. तो सोयरिकीत जातो. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, आणि कोर्टात जुने केसपेपर बाहेर निघतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं स्पष्ट लिहिलं आहे की पूर्वी घेतलेल्या उपचारांवरून किंवा इस्पितळात राहण्यावरून एवढ्यावरच कोणाला आज किंवा उद्या मनोरुग्ण ठरवता येणार नाही. हे कलम प्रत्येक बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवं.

१९९८ पासून राज्यातल्या वैद्यकीय शिक्षणाचं विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. एमडीला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला तीन वर्षांत प्रबंध करावा लागतो. एवढ्या मुदतीत पहिल्यांदा आजारी पडलेल्या रुग्णाचा फार तर वर्ष-दीड वर्ष माग काढता येतो, आणि या आजाराचा हिशेब त्यात पुरा होत नाही. म्हणून एका तुकडीनं नाशिक जिल्ह्यातल्या अशा रुग्णांची यादी करावी, त्यांची संमती घ्यावी, नावं गुप्त ठेवावीत, आणि यादी पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. तिनं पेठ, कळवण, येवल्यापर्यंत घरोघर जाऊन विचारावं आणि पुन्हा पुढे द्यावी. बारा वर्षांत चार तुकड्या होतात.